अ‍ॅनाच्या दगडावरची खालची ओळ

थंडीत घर तापवणारी हीट पहिल्यांदा लागते त्या दिवशी घराला जळक्या धुळीचा वास येतो. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्यात उन्हाळाभर बसलेली धूळ तापते आणि अर्धा तास घरभर फिरते. मग वास जातो. रेश्मा म्हणते, "आई, ओपन द विंडो ना." मी उघडत नाही. यंदा, दोन हजार आठच्या या ऑक्टोबरात, तो वास परवा सकाळी आला आणि मी हातातली कणीक तशीच ठेवून खुर्चीवर बसले. दर वर्षी बसते. हे म्हणतात, "झालं हिचं सुरू." त्यांना कारण माहीत आहे, पण अर्धं.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला, आमच्या बिल्डिंगमागे ओकची सहासात झाडं आहेत. त्यांची टणक फळं गाड्यांच्या टपावर टकटक पडत राहतात, जणू कुणी दार वाजवतंय. पानं आधी कडेनं तांबडी होतात, मग मधून, आणि दोन पाऊस झाले की जमिनीवर त्यांचा चिकट थर बसतो. त्याला वास येतो माझ्या आबांच्या तंबाखूच्या चंचीसारखा. पाठीला मशीन लावून माणसं पानं उडवत फिरतात. इथल्या लोकांना हा ऋतू फार आवडतो. ते गाड्या काढून झाडं बघायला जातात. मी म्हणते, छान आहे हो. आणि मान खाली घालते, कारण या ऋतूत मला जमीनच दिसते. एका दगडाच्या पायथ्याची, वीतभर रुंद जमीन.

*

आम्ही आलो दोन हजार दोन साली. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, इथे नर्स. त्यांनी भावासाठी कागद केले होते, ते मंजूर व्हायला इतकी वर्षं लागली की रेश्मा त्या दरम्यान जन्मून शाळेत जायला लागली. हे एका गोदामात लागले. मी काय करणार? सातवीतून शाळा सुटलेली. आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता, मधे ओढा होता, आणि घरात सायकल एक. ती दादाला मिळाली. मला त्याचं फार काही वाटलं नाही तेव्हा, सगळ्याच मुलींचं तसं होतं. वाटायला लागलं ते इथे, जिथे दुकानातल्या डब्यावरसुद्धा वाचल्याशिवाय कळत नाही की आत काय आहे.

वन्संनी काम आणलं. त्यांच्या हॉस्पिटलात खुब्याचं हाड मोडून आलेली एक म्हातारी होती, एकटीच राहणारी. तिला दिवसा सोबत हवी होती.

"हे बघ शालन," वन्सं म्हणाल्या, "काम काही अवघड नाही. सूप करायचं, गोळ्या द्यायच्या, बरोबर फिरायचं. बोलते फार. तू नुसतं येस येस म्हण."

"आणि मला नाही कळलं तर?"

"नाही कळलं तरी येस म्हण. पण माझं नाव जाईल असं काही करू नको हं. मी शब्द टाकलाय."

त्यांचा शब्द मी अंगाला बांधून गेले. पहिले पंधरा दिवस मी एकच कपबशी दोनदा धुवायची.

मिस डोरोथींचं वय एक्याऐंशी. लग्न केलेलं नाही, चाळीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी. पांढऱ्या लाकडाचं छोटं घर, पुढे ओटीसारखी जागा, त्यावर दोन खुर्च्या. एक त्यांची. दुसरी त्यांनी पहिल्याच दिवशी मला दाखवली. मी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "शॅलन, तू उभी असलीस की माझी मान दुखते." म्हणून बसले. आपल्याकडे कामाला जाणाऱ्या बाईला खुर्ची कोण देतं, मला आठवेना.

त्यांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं. औषधाच्या बाटलीवरून, सुपाच्या डब्यावरून, रेश्माच्या शाळेच्या फॉर्मवरून. त्या फॉर्मवर 'डॉटर' हा शब्द होता, तो मी दहा वेळा लिहून काढला. आणि एक अक्षर मला त्याआधीपासून पक्कं येत होतं, एच. ह्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण अमेरिकेत पावलोपावली नवऱ्याचं नाव लिहून द्यावं लागतं. दोन उभे खांब आणि मधे एक आडवा दांडा. शिडीची एकच पायरी उरल्यासारखं. मिस डोरोथींना मी हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. "म्हणजे तू नवऱ्याला अक्षरानं हाक मारतेस?" पहिल्या थंडीत त्यांनी आपला लोकरी कोट माझ्या अंगावर घातला, बाह्या स्वतः उसवून लांब केल्या. रेश्माच्या शाळेत मीटिंग होती तेव्हा काठी टेकत माझ्याबरोबर आल्या आणि बाईंना म्हणाल्या, "हिला घाईघाईनं सांगू नका, हिला सगळं समजतं." मला सगळं समजत नव्हतं. पण कुणी असं म्हटल्यावर माणूस समजून घ्यायला लागतं.

हे मी मोठेपणा सांगायला लिहीत नाही. पुढचं नीट कळावं म्हणून लिहिते.

*

त्यांचा ध्यास एकच होता, जेकब.

अमेरिका इंग्रजांशी लढून सुटली, ते युद्ध. त्या वेळी इथल्या गावांनी आपापली माणसं उभी केली होती. ती पगारी फौज नव्हे. शेतकरीच. मी मनात त्याला शिबंदी म्हणायची, तो शब्द आबांचा. एक महिना बंदूक घेऊन नदीच्या उतारावर पहारा द्यायचा, पुढचा महिना घरी येऊन मका कापायचा, की परत बोलावणं. जेकब त्यातला. मिस डोरोथींच्या वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं, आपण त्या जेकबचे. आणि भिंतीवर एक गाईचं शिंग टांगलेलं होतं, बंदुकीची दारू भरून कमरेला लटकवायचं. ते त्याचं, असं घरात म्हणत.

घोळ असा होता की जेकब दोन होते. चुलतभाऊ. एकाच गावात, एकाच आडनावाचे, आणि दोघांच्याही बायकांची नावं अ‍ॅना. एक जेकब शिबंदीत गेला. दुसऱ्यानं इंग्रजांच्या छावणीला गुरं विकली. मिस डोरोथींची ओहायोत एक चुलतबहीण होती, बेटी. ती म्हणायची की आपण त्या गुरं विकणाऱ्याचे वंशज, काका उगाच फुशारकी मारत होते. हा वाद दोघी चाळीस वर्षं पत्रांतून करत होत्या, ख्रिसमसच्या कार्डावरसुद्धा.

"तुम्हाला एवढं का हो वाटतं?" मी एकदा विचारलं. "दोनशे वर्षं झाली."

त्यांनी चष्मा काढला. "माझे वडील खोटं बोलले की खरं, एवढंच मला मरायच्या आधी कळलं पाहिजे. जेकबचं काय, तो सुटला."

शिबंदीतल्या जेकबनं म्हातारपणी पेन्शनसाठी कोर्टात सांगितलेल्या हकिगतीची नक्कल त्यांच्याकडे होती. त्या मला वाचून दाखवायच्या, सोपं करून. थंडीत पाय फुटले. एकदा बंदुकीची दारू भिजली. एकदा इंग्रज जवळ आले तेव्हा मी घाबरून मक्याच्या कणगीत लपलो आणि सकाळपर्यंत निघालो नाही. "बघ," मिस डोरोथी म्हणायच्या, "हे सांगायची काही गरज होती का? कुणी पाहिलं नव्हतं. पण सांगितलं. असल्या माणसाची नात असायला मला आवडेल."

या जेकबच्या मागे त्याच्या बायकोनं पेन्शनचा अर्ज केला, त्यात लिहिलं होतं, अ‍ॅना, हेन्ड्रिकची मुलगी. दुसऱ्या अ‍ॅनाचा बाप कोण ते कुठेच नव्हतं. आणि मिस डोरोथींचे खापरपणजोबा पीटर जिथे पुरलेत, तिथे त्यांच्या शेजारी त्यांच्या आईचा दगड होता. वरच्या ओळी वाचता यायच्या: अ‍ॅना, जेकबची बायको. खालच्या ओळी जमिनीत. दगड खचला होता. तिथे, मातीखाली, बापाचं नाव असणार होतं. हेन्ड्रिक निघालं की पीटर शिबंदीतल्या जेकबचा, वाद संपला.

एका ओळीवर सगळं अडलं होतं. ती ओळ घरापासून दहा मिनिटांवर, एका दातांच्या डॉक्टरच्या पार्किंगमागे, जुन्या कबरींत.

*

आमच्या गावात मारुतीच्या देवळाबाहेर एक वीरगळ आहे. काळ्या पाषाणाचा, कमरेइतका उंच. खाली घोडा आणि ढालतलवारीचा माणूस, मधे त्याला वर नेणाऱ्या बाया, सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला. नाव नाही, गाव नाही. आम्ही त्याला नुसतं वीर म्हणायचो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याला धुवायचा मान आमच्या घराकडे. आई, मी आणि काकू बादली घेऊन जायचो. आधी काथ्या, मग राख, मग परत काथ्या. मी घोड्याच्या पायांमधली माती काढायची, माझी बोटं बारीक म्हणून. हात दुखेपर्यंत घासायचं. जितकं घासू तितका तो उजळायचा. मग तेल, मग शेंदूर. घरी येताना आई म्हणायची, "झाला मोकळा श्वास घ्यायला." दगडाला श्वास घेता यावा म्हणून घासावं लागतं, हे मी तेव्हापासून धरून चालले.

मिस डोरोथींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तो कुणाचा पूर्वज?"

"सगळ्यांचा."

"असं कसं? कुणीतरी एकाचाच असेल."

"कुणालाच माहीत नाही, म्हणून सगळ्यांचा."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, "मला हे परवडलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी मला माझ्या पणजीचं नाव विचारलं. मला आलं नाही. आजीचं माहेरचं नावसुद्धा नाही. आणि ही बाई दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याच्या सासऱ्याचं नाव शोधत होती.

*

दगड उकरायला मिस्टर बेनेट येणार होते. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, जुन्या कबरींची निगा राखणारे. दोन हजार तीनच्या सप्टेंबरात ते पाहून गेले. गुडघ्यावर बसून त्यांनी दगडाला बोट लावलं, तेही कसं, आजाऱ्याच्या कपाळाला लावावं तसं. म्हणाले, "आता नाही. जमीन ओली आहे आणि थंडी येतेय. एप्रिलमध्ये करू. तोवर कुणी हात लावू नका." हे त्यांनी मिस डोरोथींना सांगितलं आणि माझ्याकडेही बघून सांगितलं. मी येस म्हटलं. आणि मला ते नीट कळलं होतं. इंग्रजी कळलं नाही अशी सबब मला नाही.

पण मिस डोरोथींचा खोकला वाढला होता. डॉक्टर वन्संना म्हणाले होते की हा हिवाळा जरा कठीण आहे. आणि मला वाटलं, एप्रिल. एप्रिलपर्यंत कोण राहतंय. ही गोरी माणसं एका दगडाला हात लावायला सात महिने घेतात.

त्याच दिवसांत पितृपक्ष आला. सासूबाईंची तिथी मी मिस डोरोथींच्याच स्वयंपाकघरात केली, त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून. खीर, वडे, आमटी. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "जेकबसाठीही एक ठेव." मी कठड्यावर एक वडा जेकबच्या नावानं ठेवला. कावळा आलाच नाही. खार आली, वडा दोन हातांत धरून उभी राहिली आणि पळाली.

"गेला कणगीत," मिस डोरोथी म्हणाल्या. आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि मी घाबरून पाणी आणायला धावले. पाठ चोळताना हाताला त्यांची हाडं लागली. तेव्हाच ठरवलं की आपण करायचं. ह्या बाईनं मला खुर्ची दिली, कोट दिला, अक्षरं दिली. मला येतं ते एवढंच. घासायला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या दुपारच्या झोपेत असताना मी निघाले. बादली, बागेतलं खुरपं, भांडी घासायची तारेची घासणी, थोडा साबण. त्या सकाळीच घरात पहिली हीट लागली होती, अंगावरच्या कोटाला तो जळका वास होता. पार्किंगमधे दातांना आलेली माणसं गाडीत बसलेली. कुणी विचारलं नाही. अमेरिकेत बादली घेऊन चाललेल्या बाईला कुणी काही विचारत नाही.

मी गवत कापून बाजूला ठेवलं. माती मऊ होती. वीतभर उकरल्यावर अक्षरं लागली. तळहातानं पुसलं आणि वाचलं. 'डॉटर'. तो फॉर्मवरचा शब्द, तसाच. पुढे 'ऑफ'. आणि पुढे दोन खांब आणि एक दांडा. एच. त्याच्यापुढे मातीची करडी खपली इतकी घट्ट बसलेली की नखानं निघेना.

हेन्ड्रिक. त्या क्षणी उठून घरी पळत गेले असते आणि त्यांना उठवून सांगितलं असतं, तर आज मी हे लिहीत नसते. पण मला पूर्ण नाव उजळून हवं होतं. त्यांना खुर्चीवर बसवून आणावं आणि दाखवावं, बघा. घासणी ओली केली आणि घासायला लागले, काथ्यानं घोडा घासायचा तसं, जोर लावून.

तो काळा पाषाण नव्हता. इकडचा तांबडा दगड, थराथरांचा. आधी पाणी तांबडं झालं, मला वाटलं माती निघतेय. मग घासणीखाली काहीतरी हललं आणि तळव्याएवढा पापुद्रा सुटून माझ्या हातात आला, भाजलेला पापड यावा तसा. खपली त्याच्यावरच होती. एच त्याच्यावरच होता. मी तो परत बसवायला गेले. खरंच गेले, दोन्ही हातांनी दाबून धरला, पीठ चिकटावं तसा. तो बोटांत मोडला आणि त्याचे तुकडे झाले, तुकड्यांची रेती झाली. दगडावर त्या जागी नुसता गुळगुळीत तांबडा चट्टा उरला होता, पोळल्यावर कातडी जावी तसा.

मग मी ते सगळं झाकलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळात दसऱ्याचा कार्यक्रम होता. तिथल्या एका काकूंनी सोनं म्हणून कुठल्यातरी झाडाची पानं वाटली, इकडे आपटा कुठला मिळायला. "शालन, चेहरा का असा? घरची आठवण येते ना? येतेच गं या दिवसांत." मी हो म्हटलं.

*

हिवाळा कठीण गेला नाही. हेच तर. मिस डोरोथी बऱ्या झाल्या. जानेवारीत बर्फ पडताना त्या खिडकीशी बसून म्हणायच्या, "एप्रिल," आणि मी म्हणायची, "येस." माझं इंग्रजी सुधारत होतं. वाटायचं सांगावं. मग वन्संचा चेहरा समोर यायचा, मग ह्यांचा, मग रेश्माची शाळा. एक चूक निघाली की सगळे कागद परत तपासतील, आम्हाला परत पाठवतील, असं काहीतरी मी मनाशी रचायची. खोटं होतं ते. कागदांचा आणि त्या दगडाचा काय संबंध? मला फक्त त्या खुर्चीवरून उठायचं नव्हतं.

एप्रिलात मिस्टर बेनेट ब्रश आणि लाकडी पट्ट्या घेऊन आले. मिस डोरोथी घडीच्या खुर्चीवर, मांडीवर शाल, हातात वही आणि पेन्सिल. मी त्यांच्यामागे. मिस्टर बेनेटनी हळूहळू माती काढली आणि ब्रश खाली ठेवला.

"सॉरी, डोरोथी. गेलंय. या दगडाचं असंच होतं. आत पाणी मुरतं, गोठतं, आणि थर सुटतो."

"या हिवाळ्यात गेलं असेल?"

"असेल. नाहीतर शंभर वर्षांपूर्वी."

मिस डोरोथींनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. मग मागे हात करून माझा हात शोधला आणि थोपटला. "वाईट वाटून घेऊ नको, शॅलन. आपण प्रयत्न केला." त्यांनी माझी समजूत काढली.

आठवड्यानं त्यांनी बेटीला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. माझ्याकडे पुरावा नाही, तू म्हणतेस तसं असू शकेल, डॅडींनी कदाचित सांगितलं ते त्यांना खरं व्हावंसं वाटत होतं म्हणून. "टाकतेस?" म्हणाल्या. फाटकाजवळची पेटी. मी पत्र आत ठेवलं, पोस्टमनला कळावं म्हणून बाजूचा लाल झेंडा वर केला. पोस्टाची गाडी दुपारी दोनला यायची. मी सकाळी दहाला ठेवलं. मधे चार तास होते. मी त्या चार तासांत खिडक्यांच्या काचा पुसल्या.

दगड माझ्या हातून फुटला तो अडाणीपणा. पण एच मला माहीत होता. त्या बाईला जे हवं होतं, त्याचं एक अक्षर माझ्यापाशी होतं आणि ते द्यायचं तर कुठून आलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी ते दिलं नाही. याला मला आजही दुसरं नाव सापडत नाही.

*

पुन्हा हीट लागली. दोन हजार चारचा ऑक्टोबर. मी कामावर गेले तर दारातच तो वास. मिस डोरोथी टेबलाशी उभ्या, पुढे वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर ते शिंग.

"चर्चमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार आहे," त्या म्हणाल्या. "हे गुंडाळून दे. कुणी घेतलं तर घेईल."

"पण हे तर जेकबचं."

"कोणत्या? जेकबचं नसेल तर ते गाईचं शिंग आहे, शॅलन. भिंतीवर गाईचं शिंग कशाला."

मी कागद उचलला. एक घडी घातली. दुसरी घालता आली नाही. "ते त्यांचंच आहे," मी म्हणाले. "एच होता. मी पाहिला."

मग सगळं सांगितलं. उभ्यानंच. माझं इंग्रजी मोडून पडलं, अर्धं मराठीत बोलले. त्यांनी मधे थांबवलं नाही. शेवटी तीनच प्रश्न विचारले.

"एच नक्की?"

"नक्की."

"एप्रिलमध्ये तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि बेटीचं पत्र?"

"मीच टाकलं."

त्या खोलीत गेल्या. दार लावलं. मी सूप केलं, ते गार झालं, परत गरम केलं, परत गार झालं. कोट अंगात घालून बसले, जा म्हणतील तेव्हा लगेच उठता यावं म्हणून. मग वाटलं, कोटही त्यांचाच, आणि काढून ठेवला. चारच्या सुमाराला दार उघडलं. डोळे लाल होते. "उद्या दहाला ये," म्हणाल्या. "बँकेत जायचंय." सुपाकडे पाहिलंही नाही.

मी ह्यांना घरी एवढंच सांगितलं की हातून एक दगड फुटला. "मग बोल की तसं," हे म्हणाले. "फुटतंच."

बँकेत हिशेब करून मोकळं करणार, अशी माझी समजूत. पण त्यांच्या पर्समध्ये टाइप केलेला एक कागद होता. गाडीत बसण्याआधी, खुर्च्यांपाशी उभ्या राहून त्यांनी तो मला हळू वाचून दाखवला. मी, शालन, अमक्या पत्त्यावर राहणारी, शपथेवर सांगते की मागच्या वर्षीच्या पानगळीत मी चांगल्या हेतूनं हा दगड स्वच्छ करायचा प्रयत्न केला. त्या वेळी मी स्वतःच्या डोळ्यांनी हे दोन शब्द आणि हे अक्षर वाचलं. स्वच्छ करताना दगडाचा तो भाग सुटला.

एवढंच. झाकल्याचं नाही. वर्षभर लपवल्याचं नाही. पत्राचं नाही.

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं पुराव्याला लागत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता कागदाची घडी घातली. "हा कागद फाइलमध्ये राहणार. माझ्यामागेही लोक वाचतील. त्यांना तेवढंच पुरे."

मी म्हणायला हवं होतं, नाही, तेही लिहा. जेकबनं कणगीचं लिहवून घेतलं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं हलकं वाटलं, आणि ते हलकेपण इतकं गोड होतं की मी तोंड उघडलं नाही. ज्या बाईचं मी नुकसान केलं, तिनंच माझी लाज झाकली आणि मी झाकू दिली.

बँकेत नोटरीचा शिक्का मारणारी मुलगी गुजराती निघाली. माझं नाव वाचून हिंदीत म्हणाली, "आंटी, इसमें सब सच है ना? पूछना पड़ता है, रूल है."

"हाँ," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी सही केली.

कागदाची नक्कल मिळाल्यावर बेटीनं उलट पत्र धाडलं की एका अक्षरावरून काय होतं, एच म्हणजे हार्मनही असू शकेल. मिस डोरोथींनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "असू दे. मला पुरे." शिंग परत भिंतीवर गेलं. मी आणखी अडीच वर्षं त्यांच्याकडे होते. पूर्वीसारखं हसणं व्हायला बराच काळ लागला, पण झालं. झाकल्याचा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. मागच्या वर्षी, मार्चमध्ये त्या गेल्या. त्यांची फाइल मिस्टर बेनेटनी लायब्ररीत दिली. मी एकदा जाऊन पाहिली. कोर्टातली जेकबची हकिगत आधी, अ‍ॅनाचा अर्ज मग, आणि सगळ्यात शेवटी माझा कागद. पुढे कधी कुणी त्यांच्या घराण्याचं येऊन वाचेल. त्याला वाटेल, एक भली बाई होती, परदेशातली, चांगल्या हेतूची.

त्या कागदात एक परिच्छेद कमी आहे. ती फाइल वाचणाऱ्यांना मराठी येणार नाही, आणि म्हणूनच इथे लिहायचं धैर्य होतंय, हेही मला कळतं. तरी लिहिते.

दगडाचा तो भाग सुटल्यावर मी त्याचे तुकडे खड्ड्यात टाकले. माती परत भरली आणि पायानं दाबली. कापलेलं गवत होतं तसं वर बसवलं, त्यावर ओकची पानं ओढून पसरली आणि दोन पावलं मागे जाऊन कुणाला कळेल का ते पाहिलं. कळणार नाही याची खात्री झाल्यावर बादली धुतली. घरी येऊन हात धुतले, नखातली तांबडी माती काडीनं काढली, आणि मिस डोरोथी उठल्यावर त्यांना चहा करून दिला. त्यांनी विचारलं, बाहेर थंडी आहे का गं. मी म्हणाले, मी घरातच होते.